आशीर्वादासाठी खोळंबलेली मंडळी

माझी पुढल्या चाळीस वर्षांची मंडळी उपदेशाच्या प्रात्यक्षिकालाच येऊन बसली. चर्चचा पाळक होण्याच्या अभ्यासक्रमाचं माझं हे दुसरंच वर्ष, आणि त्या दिवशी तर माझी ट्रंक भरून तयार होती.

आदल्या आठवड्यात इस्पितळ-भेटीच्या तासाला एका मरणाऱ्या आजोबांच्या खाटेपाशी मला एक शब्दही सुचला नव्हता. मी त्यांच्या उशीचा अभ्रा नीट करत बसलो आणि ते गेले. ज्याची अशी दातखीळ बसते त्याने पाळक होऊ नये, एवढं मला कळतं. शेवटचा उपदेश उरकायचा आणि दुपारची एसटी धरायची, असं ठरवलं होतं.

प्रात्यक्षिकाला बाकं रिकामीच असतात. कडेला फक्त आढाव सर गुण द्यायला बसतात. मी मेंढपाळावरचं वचन वाचून मान वर केली, तर बाकं भरलेली. माणसं सरकून सरकून एकमेकांना जागा देत होती.

"सर, मंडळी आली," मी म्हणालो.

"मंडळी आली म्हणून वेळ वाढवून मिळत नाही, थोरात. सात मिनिटं उरलीत."

पहिल्या बाकावर एका बाईच्या मांडीवर बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या झबल्यातली तान्ही मुलगी होती. तिसऱ्या बाकावर तीच मुलगी नवरी होऊन बसली होती. हनुवटीवरचा तीळ तोच. शेवटच्या बाकावर ती पुन्हा होती, चाळिशीची, नाकात कापूस घातलेली. कुणालाच याचं नवल नव्हतं.

मी व्यासपीठ सोडून शेवटच्या बाकावरच्या तिच्यापाशी गेलो. "बाई, तुम्ही कोण?"

"मी रूथ पारखे, साहेब. तुम्हीच बाप्तिस्मा दिलात, लग्न लावलंत. मातीही तुम्हीच दिलीत."

"तेव्हा मी काही बोललो?"

"माझ्या आईशी बोललात. त्यानंतर तिने चार घास खाल्ले."

"पण काय बोललो?"

"आधी आशीर्वाद द्या, साहेब. खोळंबलोय आम्ही."

सगळे उभे राहिले. दीक्षा न झालेल्याने आशीर्वादाला हात उचलायचे नाहीत, हा आमच्याकडचा पहिला नियम. उचलले, की तो माणूस त्या मंडळीचा झाला. मग एसटी नाही. आणि आशीर्वादावाचून देवळातून कुणी हलत नाही, हेही मला ठाऊक होतं. मी दाराकडे वळलो. दारात माणसं होती, त्यांच्यामागे पटांगणभर, तिथून थेट रस्त्यापर्यंत. दुपारची एसटी त्यांच्यात अडकून उभी होती. ड्रायव्हरने टोपी काढली होती.

मी व्यासपीठावर परतलो. एवढ्या मोठ्या शांततेसमोर मी कधी उभा राहिलो नव्हतो. भीती वाटली, भीतीहून मोठंही काहीतरी वाटलं, आणि डोळे भरून आले. हात आपोआप वर येऊ लागले.

"थोरात, हात खाली," आढाव सर म्हणाले. मग त्यांनी गुणांचा कागद बाकावर ठेवला, चष्मा काढला आणि मान लववली.

माझे हात खांद्यांपर्यंत आले होते. शेवटच्या बाकावर रूथने नाकातला कापूस काढून मुठीत घेतला आणि इतरांसारखे डोळे मिटले.