उन्हात घातलेलं ठिगळ

लायल एप्रिलमध्ये गेला आणि जुलैच्या धुळीच्या वादळात अंगणातलं हिरवं कापडी छत फाटलं, कारण आर्डिसने ते गुंडाळलंच नव्हतं. छतं शिवून विकणारा लायल वाळवंटातल्या युमा गावच्या गिऱ्हाइकांना तीस वर्षं कानीकपाळी ओरडत आला होता: बसायचं नसेल तेव्हा छत गुंडाळा, धूळ साध्या पाण्याने धुवा, ब्लीच लावू नका, ओलं गुंडाळू नका. ऊन रंग खातं, त्याला आयतं ताट वाढू नका. आणि त्याच्याच बायकोने तीन महिने छत रात्रंदिवस पसरून ठेवलं. तिला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. दफनाच्या वेळी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, तेव्हा बायका म्हणाल्या, धीराची आहे हो. धीर कसला डोंबलाचा! आत नुसता भुसा भरला होता.

"आई, नवंच शिवतो," दुकान सांभाळणारा मुलगा, ट्रॉय म्हणाला. "एका दिवसाचं काम."

"हे तुझ्या बाबांनी शिवलंय. ठिगळ लावीन मी."

"कापड त्याच ताग्यातलं आहे, पण ते हिरवंगार आणि हे विटलेलं. डोळ्यांत खुपेल."

"उन्हात घालते ना."

"ऑक्टोबरपर्यंत बघतो. नाहीतर जुनं काढून टाकणार, सांगून ठेवतो."

"बरं."

फळीवर नवं कापड ठोकून ती दुकानाच्या गच्चीत ठेवून आली. जुने कारागीर ठिगळाचा रंग असाच उतरवायचे. लवकर उतरावा म्हणून रोज दुपारी त्यावर पाणी मारायचं. फाटकं छत मात्र कपाटात, अंधारात, म्हणजे ते आणखी विटणार नाही. लायलच्या टाक्यांशेजारी आपला टाका पडला की आत काहीतरी हलेल, एवढीच तिला आशा होती. दर रविवारी ती दोन्ही कापडं शेजारी धरून बघायची आणि परत वर जायची.

ऑक्टोबरात रंग जुळला. ट्रॉयलाही फरक ओळखता येईना. आर्डिस मशीनवर बसली, जुन्या छताची शिवण ताणून धरली, आणि शिवण फर्रकन उसवली. दुसरी धरली, तीही. बाकी कापड धड होतं, दोरा पिठासारखा बोटांवर आला. साधा, स्वस्तातला दोरा. उन्हाला दाद न देणारा दोरा दुकानातल्या फळीवर गिऱ्हाइकांसाठी राखलेला असायचा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"कंजूष मेला!"

ट्रॉय धावत आला. "काय झालं?"

"लोकांना चांगला दोरा, आणि घरच्यांना हा! मला म्हणाला, आर्डी, हे छत आपल्या दोघांना पुरून उरेल. तीन वर्षं, ट्रॉय! तीन वर्षं नाही टिकलं!" तिने छत मशीनवरून जमिनीवर ढकललं. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला काही वाटत होतं, आणि तो राग होता, चांगला सणसणीत. "आणि स्वतः तरी कुठे टिकला?"

तोंडातून ते निघालं, आणि मग तिला रडू आवरेना.