डाव्या खांद्यावरचं फूल

या, असं जवळ सरका. माझा गळा आमच्या कीर्तनकार बुवांसारखा नाही. जन्मभर त्यांच्या मागं उभं राहून टाळच धरलाय. पण आज एक गोष्ट सांगतो, न लपवता सांगतो, कारण तिच्यात मीही आहे.

आमचं गाव भूमच्या अलीकडं, माळावर. गावात भैरोबाचं ठाणं आणि त्याचे गुरव गोरोबाकाका. भजनात त्यांनी पखवाजावर थाप टाकली की रडतं पोर गप व्हावं, असा हात. सोयरीक असो, विहीर असो, गाव त्यांच्याकडून कौल लावून घ्यायचं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल ओलं करून चिकटवायचं आणि बघत बसायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नाही.

बारा वर्षांमागं वर्षाराणीचा सोलापूरला नर्सिंगला नंबर लागला. बाप नव्हता, घरात आई सिताबाई एकटी. ती तोंडानं जा म्हणायची आणि अर्ध्या ताटावरून उठायची. पोरगी आठ दिवस घुटमळली. शेवटी म्हणाली, भैरोबा सांगेल ते.

काकांनी फुलं लावली. घटकाही झाली नसेल, डावं गळालं. आम्ही चांगभलं म्हणालो. पहिला टाळ मी वाजवला.

वर्षाराणी राहिली. अंगणवाडीत मदतनीस झाली. पुढं आईचे गुडघे गेले, मग डोळे. सगळं तिनं केलं. कुणी हळहळलं की म्हणायची, देवाचा शब्द आहे.

सिताबाई मागच्या पावसाळ्यात गेली. माघातल्या सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला बुवा बोलून गेले, की आपली इच्छा देवाच्या तोंडी घालणारा माणूस देवाला मुका करतो. मी नेहमीसारखी मान डोलावली. काला वाटून झाला, मांडव रिकामा झाला, तरी काका खांबाला टेकून बसलेलेच. मला म्हणाले, वर्षाला बोलाव.

ती हातात लाह्यांचा द्रोण घेऊनच आली. काका खाली बघत बोलले.

"तुझ्या कौलाच्या आदल्या दिशी तुझी आई आलती. लई रडली. म्या उजवं फूल ओल्या गंधात दाबून बसवलं. डावं नुसतं पाण्याच्या थेंबावर टेकवलं."

तिनं द्रोण खाली ठेवला. मला टाळ कुठं ठेवावेत कळेना.

"आईला ठावं हुतं?"

"तिनंच तर सांगितलं."

"माझी वेणी घालताना म्हणायची, देवानं तुला माझ्यासाठी ठिवलं."

काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग ताटातली दोन शेवंतीची फुलं उचलली. म्हणाले, "मला माफी हाय का न्हाय, भैरोबालाच इचारू. ह्या बारीला सरळ लावतो."

वर्षाराणी हसली. तसलं हसू मला पुन्हा बघायचं नाही.

"ठिवा ती खाली, काका. फसवलं तुम्ही, आईनं बी फसवलं. पर डावं फूल पडलं तवा मला सुटल्यागत वाटलं हुतं. ठरवायचं टळलं म्हणून. तेवढं माझं. आता देवाला मधी घेऊ नका. म्या तुम्हांला माफ करत न्हाय. हे म्याच ठरवलंय."

काका सकाळपासून उपाशी होते. जाताना तिनं आपला द्रोण त्यांच्यापुढं सरकवला.

वेशीपर्यंत मी तिच्यासोबत गेलो. आता काय करणार, विचारलं. म्हणाली, ठावं न्हाय. इचारायला कुणी उरलं न्हाय, एवढंच ठावं हाय. आणि भरभर पुढं गेली.

भैरोबावर माझा राग नाही. तो बिचारा दोन फुलं खांद्यावर घेऊन गप उभा होता; बोललो आम्ही. तुम्हीही कधी त्याच्यापुढं कौल लावायला बसाल. तेव्हा फूल ओलं करण्याआधी आमच्या वर्षाराणीची एकदा आठवण काढा.