दुलईखाली चढलेला सूर

धाकट्याने सिंथेसायझर घरी आणला तेव्हा आईने त्या यंत्राला नव्या सुनेसारखं वरून खाली न्याहाळलं आणि धूळ बसू नये म्हणून जुन्या दुलईचं झाकण शिवलं. पुढे गाण्याचं जे झालं ते त्या दुलईमुळे, पण हे कळायला वेळ लागला.

धाकटा वायरमन होता. ताई शिवणकारखान्यात कापड बेतायची. सुट्टीच्या दिवशी दोघं मागच्या खोलीत बसत. सिंथ इस्त्रीच्या टेबलावर, शेजारी तालाचं यंत्र, आणि ताईपुढे झाडूच्या दांड्याला बांधलेला माइक. टेपवर सिंथ एका ट्रॅकवर जायचा, ताईचा आवाज दुसऱ्यावर. पण सिंथच्या पट्ट्या खटखटायच्या आणि माइक ती खटखट अचूक टिपायचा. मग धाकटा दुलई यंत्रावर तशीच ठेवून, खाली हात घालून वाजवू लागला. थंडी भरलेल्या माणसासारखा दिसायचा. हसू फुटू नये म्हणून ताई भिंतीकडे तोंड करून गायची.

चार मिनिटांचं गाणं. अठरावी खेप दोघांनाही पटली. त्यानंतर आठवड्याभरात यंत्रातून जळका वास आला आणि ते कायमचं मुकं झालं.

धाकट्याने तबकड्यांच्या कंपनीत नेऊन दिलेली टेप मात्र तिथल्या साहेबांना आवडली. या एका गाण्याची तबकडी, सिंगल, काढू म्हणाले. जेवताना धाकटा स्टुडिओचं, तबकडीचं, कव्हरवरच्या फोटोचं सांगत सुटला. फोटोला कुठले कपडे घालायचे, असं ताईने विचारलं, तेव्हा त्याने मान खाली घातली. साहेबांना नावाजलेली गायिका हवी होती. ताईचा आवाज काढून तिथे तिचा भरायचा होता, आणि धाकटा हो म्हणून आला होता.

पिकतं तिथं विकत नाही, असं आई भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली.

ताईने हात धुतले. "विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "विचारलं नाहीस, म्हणून आता बघायला येणार."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती स्टुडिओत रेकॉर्डिस्टच्या मागे जाऊन बसली. गायिका देखणी होती आणि वागायला साधी. तिचा राग करणं ताईला जड गेलं. पहिलं कडवं गायिकेने सुरेख म्हटलं. दुसऱ्याला रेकॉर्डिस्टने कपाळाला आठी घातली. तिसऱ्याला तिचा आवाज वाद्याच्या खाली राहू लागला, भिंतीवर तिरकी टांगलेली तसबीर असते तसा. चार वेळा हेच झालं. शेवटी तिने हेडफोन काढले.

"माझा सूर जागेवर आहे. तुमचं गाणं सरकतंय."

रेकॉर्डिस्टने गाण्याचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक लागोपाठ ऐकवलं. मध्ये अर्ध्या सुराचा फरक होता. दुलईखाली यंत्र तापत गेलं, तसा सूर चढत गेला होता. साहेबांनी पुन्हा वाजवा म्हटलं, तर यंत्र जळून गेलेलं. दुसऱ्या यंत्रावर तो आवाज निघत नाही, हे धाकट्याने आधीच करून पाहिलं होतं.

रेकॉर्डिस्टने सहज ताईचा जुना ट्रॅक लावला. तिचा आवाज वाद्याचा पदर धरून हळूहळू वर जात होता, कुठेही न सुटता. आपण चढतोय हे तिलाही कधी कळलं नव्हतं.

"हिचाच ठेवा," गायिका पर्स उचलत म्हणाली. "मला सगळी वर्षं न हलायलाच शिकवलंय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि होकार दिला. बाहेर बाकावर धाकटा ताईशेजारी बसला, बराच वेळ वायरचा तुकडा वाकवत.

"ताई, चुकलो."

"वाजवताना की बोलताना?"

"दोन्हीकडे."

"वाजवतानाचं माफ," ती म्हणाली.

तबकडी महिन्याभरात दुकानात आली. कव्हरं आधीच छापून झाली होती, त्यामुळे वर गायिकेचा फोटो तसाच राहिला. तळाशी नंतर चिकटवलेल्या पट्टीवर बारीक अक्षरांत, चष्मा लावून शोधावं असं, ताईचं नाव होतं. कारखान्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ती एक प्रत घ्यायला गेली. गाणं तिथे वाजतच होतं. दुकानदाराने कव्हरवरच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि काय गाते ही बाई, म्हणाला.

ताईने पिशवीत तबकडी नीट सरकवली.

"हो," ती म्हणाली. "शेवटी जरा चढते."