बिट्टीची दाढ

दुपारची भांडी विसळून झाली की मायलेकी आरशापुढे बसत. सहा वर्षांची बिट्टी कोटाचं मोठं बटण ओठांच्या आत धरायची आणि आई त्याला ओवलेला दोरा हळूच ओढायची. ओठांनी बटण सोडायचं नाही, एवढाच खेळ. मग जिभेचा शेंडा वरच्या दातांमागे टेकवून नाकानं दहा श्वास. तेवढ्यानंही पोर घामाघूम व्हायची.

"झाले माकडचाळे सुरू!" सासूबाई दारातून कडाडल्या. "पाहुणे निघालेत तिकडून. पट्टी बांध तिला."

"आई, आज तिचं नाक चोंदलंय. नको आज."

"आज नको, मग कधी? तुझ्या नणंदेचं लग्न फिसकटल्यावर? तोंड वासून लाळ गाळणारं पोर दिसलं की माणसं पहिलं विचारतात, घराण्यात आहे का म्हणून."

पट्टी जुन्या चादरीची होती, चार बोटं रुंद. हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारायची आणि सांगायचं, दाढ दुखतेय. दाढ कोणाचीही दुखते, तिला कोणी नावं ठेवत नाही. दोन वर्षं या घरात बिट्टीची दाढ पाहुणे आले की दुखत होती.

पहिली गाठ आईनं स्वतःच मारली होती. तोंड बंद ठेवलं की सवय लागेल, असं तिलाही वाटलं होतं. कॉलेज शिकलेल्या बाईला! बिट्टीला हे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी हनुवटीखालचा वळ पाहिला. म्हणाल्या, "नाक बंद म्हणून ती तोंडानं श्वास घेते. तुम्ही त्याच दाराला बाहेरून कडी घातलीत." त्या दिवसापासून ती लेकीच्या प्रत्येक श्वासावर कान ठेवून होती.

"मी नाही बांधणार," ती म्हणाली.

"नकोच बांधूस. माझे हात काही मोडले नाहीत." सासूबाईंनी नातीला दंडाला धरून आत नेलं. आई मागे धावली, तर नवरा वाटेत उभा. "तासाभराचा तर प्रश्न आहे. ताईसाठी एवढं सोस ना."

"मी सोसतेय का? ती सोसतेय."

तेवढ्यात घंटी वाजली. नणंदेला बघायला आलेले पाहुणे बसले, चहा आला. बिट्टी कोपऱ्यातल्या खुर्चीत, डोक्यावर गाठ मिरवत. मुलाची आई मागेही एकदा येऊन गेली होती. ती हसून म्हणाली, "अगंबाई, अजून दाढ दुखतेच आहे का हिची?"

"हट्टी दाढ आहे हो," सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या.

बिट्टीनं कप धरायला हात पुढे केला आणि तो तसाच थांबला. नाकातून घुर्र आवाज आला. डोळे मोठे झाले, बोटं पट्टीशी झटू लागली. ओठांची कड निळसर दिसली मात्र, आईनं हातातला ट्रे टाकला. गाठ सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी ओढून सोडवली. पोरीनं तोंड उघडून हवा ओढली, लाळ फ्रॉकवर ओघळली.

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला.

"म्हणजे दाढ नाही तर!" मुलाच्या आईचा आवाज पार बदलला. "हे तुमच्या घराण्यात आहे का?"

"तिच्या ओठांचे नि जिभेचे स्नायू सैल आहेत. व्यायामानं सुधारतायत, रोज करते ती," बिट्टीची आई म्हणाली आणि पट्टी चहाच्या कपांमध्ये ठेवली. "घराण्यात आहे ती ही."

"सूनबाई, तोंड सांभाळ!"

"दोन वर्षं तेच तर सांभाळत होतो, आई. पोरीचं."

पाहुणे उठले. चपला सरकवल्याचे आवाज आले, मग दाराचा. नणंद डोळ्यांना ओढणी लावून म्हणाली, "माझं वाटोळं केलंस, वहिनी." नवऱ्यानं बायकोकडे पाहिलंदेखील नाही.

तिनं मुलीचं तोंड पुसलं, नाक साफ केलं, आणि आरसा आतल्या खोलीतून उचलून आणून बैठकीच्या भिंतीला टेकवला, दारातून आल्या आल्या दिसेल असा.

बिट्टी आरशासमोर बसली. बटण हातात घेतलं आणि हळूच विचारलं, "आई, माझी दाढ बरी झाली?"