पुलाखालचा तांबडा ओघळ

खाडीवरच्या पुलाची ती भेग इतकी बारीक, की मुंगीलाही पोट आत ओढून शिरावं लागतं, असं मुकादमकाका सांगत. त्यांच्या थापांमध्ये ही जरा सौम्यच. पण अकरा वर्षांपूर्वी पुलांच्या देखभालीच्या नोकरीतून निवृत्त होताना त्यांनी गंभीरपणे लिहून दिलं होतं: 'भेग केसाएवढी. भरून घ्यावी. तोडफोड नको.' खाली सही.

आता त्याच भेगेखाली तांबडा ओघळ उतरला होता. खारं पाणी भेगेतून मीठ आत नेतं, मीठ सळईला गंजवतं, गंज फुगून काँक्रीट फोडतो, हे काकांनी उभ्या आयुष्यात शंभर जणांना समजावलं होतं. आणि त्यांची लेक रोज त्याच पुलावरून भरलेली बस नेत होती. चार दिवस काका खरं कारण न सांगता 'रजा घे' म्हणून तिच्या मागे लागले होते. "इंजिन खोकतंय. मला घरात ऐकू येतं."

"बाबा, डेपो सहा किलोमीटर लांब आहे!"

पाचव्या दिवशी इंजिनिअर पुतणी ड्रिल घेऊन पुलाखाली आली. "काका, शिडी धरा. बोलू नका."

"मी कुठे बोललो?"

"तुमचा श्वाससुद्धा गोष्ट सांगतोय."

तिने भेगेवरच सळईपर्यंत भोक पाडून काँक्रीटची कांडी काढली, उभी फोडली आणि तिच्यावर औषध फवारलं. मीठ असेल तिथे पांढरं होणार, बाकी तपकिरी. काकांनी डोळेच मिटले.

"उघडा आता. पांढरं नखभरच आहे. सळई बोटभर आत, एकदम ठणठणीत."

"मग हा ओघळ?"

पुतणीने भेगेचं टोक स्क्रू ड्रायव्हरने उकरलं. गंजून अर्धा उरलेला खिळा तिच्या तळहातावर पडला. काकांनी तो पाहिला आणि कानाची पाळी धरली. भेग पुढे सरकली तर कळावं म्हणून तो त्यांनीच ठोकला होता.

"लोक रंगाने खूण करतात हो, काका!"

"पण भेग त्याच्यापुढे गेली का? सांग ना, गेली का?"

"तसूभरही नाही," पुतणी हसली. "पण खिळ्याचं भोक आजच बुजवते."

काका शिडीच्या पायरीवर मटकन बसले आणि डोळे पुसेपर्यंत हसले. मग चढण चढून थांब्यावर गेले. लेकीची बस आली. ते पुढच्याच सीटवर बसले.

"काय बाबा, खोकतंय का इंजिन?"

"छे! गातंय," काका म्हणाले. "चल, ने पुलावरून. सावकाश ने, मला बघायचाय."