फ्लेक्सवरचं ऑपरेशन

डिलाईल रोडच्या नाक्यावर फ्लेक्स लागला तेव्हा जयवंत पाताडे घरात खाटेवर धापा टाकत पडले होते. फ्लेक्सवर मात्र ते हसत होते. अंगावर शाल, शेजारी हात जोडलेला मयूर आणि खाली ठळक अक्षरांत, 'सरकारी योजनेतून जयवंत पाताडे यांची हृदयशस्त्रक्रिया यशस्वी. मयूरभाऊंचे जाहीर आभार.' आता हे ऑपरेशन झालं कुठे, ते मयूरलाच ठाऊक.

योजनेसाठी खेटे घातले ते त्यांच्या मुलीने, अक्षदाने. कामावर दांड्या मारल्या, एकेका दाखल्यासाठी साहेबलोकांची तोंडं बघितली. पक्षाच्या शाखेतल्या मयूरने शेवटच्या दिवशी एक फोन फिरवला आणि मंजुरी आल्याबरोबर शाल, नारळ आणि फोटोग्राफर घेऊन हजर! बाबा फोटोला नको म्हणत होते. अक्षदानेच गळ घातली. काम होतंय, तर उगाच कुणाशी वाकड्यात शिरायचं कशाला?

मंजुरी खरीच होती हो. पण हॉस्पिटलातल्या बाईंनी सांगितलं की योजनेतली हृदयाची झडप संपली आहे, पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही. बाहेरून विकत आणलीत तर याच आठवड्यात ऑपरेशन करू. डॉक्टर बाजूला घेऊन म्हणाले, फार थांबू नका, पेशंट टिकायचा नाही. म्हणजे ऑपरेशन फुकट, झडप तेवढी तुमची! झडपेएवढे पैसे अक्षदाकडे कुठले?

आता उरलं होतं चाळीचं गणेशोत्सव मंडळ. ते अडल्यानडल्या पेशंटला मदत करायचं. सेक्रेटरी दीपकने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मान खाजवत राहिला. अख्ख्या विभागाने फ्लेक्स वाचलाय, कमिटीतले म्हणतात एकदा फुकट झालंय, आता आणखी कसले पैसे? ती तडक मयूरकडे गेली, म्हणाली तो फ्लेक्स उतरवा. मयूर गोड हसला. ऑपरेशन होणारच आहे ना, आम्ही जरा आधी अभिनंदन केलं इतकंच, आणि निवडणूक तोंडावर असताना कोण फ्लेक्स उतरवतं? मेल्याला जनाची नाही, मनाची तरी असावी!

इकडे चाळीतले लोक दारातून डोकावून विचारायचे, काका, आता बरं वाटतंय ना? कुणी पेढे ठेवून गेलं. बाबा लाजेने नुसती होकाराची मान हलवायचे.

शेवटी दीपकनेच तोड काढली. रविवारी कमिटीची माणसं घरी येतील, काकांची छाती बघतील. टाके नसले की मदत तिथल्या तिथे मंजूर. अक्षदाला हायसं वाटलं. बाबांना तिने सगळं समजावून सांगितलं. तिला वाटलं, कळलं त्यांना.

रविवारी चौघेजण खाटेभोवती उभे राहिले. दीपक अदबीने म्हणाला, "काका, जरा सदरा वर करता?"

बाबांनी सदरा मुठीत घट्ट धरला. सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं.

"माजा आपरेशन झाला," ते म्हणाले. "पैसे दुसऱ्या कोणाक तरी द्या."

ते खोटं बोलतायत, अक्षदा म्हणाली आणि तिने त्यांच्या बटणाला हात घातला. बाबांनी तो हात झटकला. त्या आजारी अंगात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. तिला त्यांचा भयंकर राग आला, सदरा टराटरा फाडून टाकावासा वाटला. कमिटीतले लोक ओशाळून खाली बघत बाहेर पडले.

ती गॅलरीत धावली, दीपकचा दंड धरला.

"दीपकदादा, आईची शपथ, एक टाका नाही हो त्यांच्या अंगावर. ते मरतील."

दीपकने हळूच हात सोडवला.

"अक्षदा, ते स्वतः सांगतायत गं," तो म्हणाला. "चार माणसांत बापाला खोटं पाडतेस?"

आणि चपला पायात सरकवून तो जिना उतरला.