आधी आपल्या हातावर

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भैंशाजवळचं आमचं गाव, सगळं कापूसवाल्यांचं. आम्हा कापूसवाल्यांना एक वाईट खोड आहे. पीक कळतं म्हणून सगळं जग कळतं, असं आम्हाला वाटतं. माझा शेजारी नागोराव याच खोडीनं बुडाला. तसा त्याच्याइतका जपून वागणारा माणूस गावात दुसरा नव्हता.

त्याच्या चंपाला खरूज झाली. आठ-नऊ वर्षांची पोर. आधी बोटांच्या बेचक्यांत पुरळ, मग मनगटं, काखा, कंबर. खाजवून खाजवून तिनं कातडी सोलून काढली. फोड पिकले, आणि खपली धरली की चंपा तीही नखानं उचकटायची. मास्तरांनी तिला शाळेतून घरी पाठवलं. नागोराव तिच्या बोटांना धोतराच्या चिंध्या गुंडाळून द्यायचा, आणि तिची आई विमलबाई बाजूला बसून रडायची.

सरकारी दवाखान्यातली सिस्टर येऊन गेली. तिनं पांढरं पातळ औषध दिलं आणि नीट समजावलं. बारीक किडा असतो, कातडीत बीळ करून राहतो, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. यांनी ते फक्त चंपाच्या बोटांना लावलं. खाज गेली नाही. औषधात दम नाही, असं नागोरावानं ठरवून टाकलं. किडा आत शिरून बसतो, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. बोंडातली अळीही आत शिरून बसते, आणि तिला कशानं मारायचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्यानं आपला बेत मला सांगितला. फवाऱ्याचं औषध लेकराच्या अंगाला लावू नको, असं मी त्याला बजावलं. तो शांतपणे म्हणाला, "मी काय येडा हाव? आदी माह्या हाताले लावून पाहीन."

आणि त्यानं खरंच पाहिलं. पाण्यात कालवून कोपरापर्यंत चोळलं, दिवसभर वखर हाकला, भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशीही काही नाही. मला मुद्दाम हात दाखवायला आला. उन्हानं रापलेला, एक ओरखडा नसलेला हात. त्यापुढं माझं कोण ऐकणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चंपाला अंगणात उभं केलं आणि मानेपासून तळपायापर्यंत लावलं. पिकलेल्या फोडांवर दोनदा. आग व्हायला लागली तशी ती कळवळली. तो फुंकर घालत राहिला. मग ती खाटेवर पडली आणि तिला झोप लागली. कित्येक दिवसांनी पोर निवांत झोपली म्हणून विमलबाईनं अंगणातल्या कोंबड्यासुद्धा हाकलल्या.

मी डोकावलो तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. चंपाच्या तोंडातून लाळ गळून उशी भिजली होती. अंग घामानं थबथबलं होतं. झोपेत लेकरांची लाळ गळतेच, असं विमलबाई म्हणाली. पण चंपाच्या मांडीचं मांस बारीक बारीक उडत होतं. मी तिला हलवलं. ती उठली नाही.

कापसाच्या ट्रकमधून आम्ही तिला भैंशाला नेलं. डॉक्टरांनी पापणी उघडली. बाहुली मोहरीएवढी झाली होती. त्यांनी तिचं अंग धुवायला लावलं, सुया दिल्या, श्वास चालू ठेवायची धडपड केली. दिवेलागणीच्या आत चंपा गेली.

विमलबाईचा आक्रोश ऐकवत नव्हता. नागोरावाच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. त्यानं बाही वर सारून डॉक्टरांपुढं हात धरला. "मी आदी लावून पाह्यलं व्हतं, साहेब. मले काऊन काई झालं नाई?"

डॉक्टरांनी तो हात हातात घेतला. म्हणाले, "तुमची कातडी धड आहे. तिनं बरंचसं बाहेर अडवलं, आणि तेही तुमचं नशीब. पोरीची कातडी जागोजागी उघडी पडली होती. तिला अडवायला काही उरलंच नव्हतं."

नागोरावानं आपला हात उलटापालटा करून पाहिला. मग हळूच म्हणाला, "म्हन्जे तिच्याच एका फोडावर थेंबभर लावून पाहाले पायजे व्हतं."

 मी नागोरावाला धरून बाहेर आणलं.